टंचाई नर्सची आहे, नव्या नर्सची नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दोन रविवारांपूर्वी तुमच्या पुरवणीत अमेरिकेत परिचारिकांना कशी सुवर्णसंधी आहे असा लेख आला होता. मी तो इथे न्यू जर्सीत वाचला, म्हणजे आधी आईने कराडहून कात्रणाचा फोटो पाठवला, मग मावशीने, मग सासरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीनदा येऊन गेला आणि शेवटी सांगलीच्या एका ओळखीच्या काकांचा फोनच आला, की आमची मुलगी बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, तुझ्या हॉस्पिटलात तेवढं चिकटवून टाक. काकांचा राग नाही. लेख वाचून कुणालाही असंच वाटलं असतं. पण मी याच रस्त्याने गेलेय आणि मला त्यात बरेच खड्डे लागले, म्हणून लिहितेय. पत्र लांबलंय, कापायचं तिथे कापा.

लेखात पगाराचा आकडा बरोबर होता. इथल्या सरकारी आकडेवारीत 2024 साठी रजिस्टर्ड नर्सचा मधला पगार (म्हणजे निम्म्या नर्सना याहून जास्त, निम्म्यांना कमी) वर्षाला 93,600 डॉलर दिलाय. टंचाई आहे हेही खरं. पण टंचाई आहे ती दोन-तीन वर्षं वॉर्डात काढलेल्या नर्सची. कालच पास झालेल्या मुलीची टंचाई कुणालाच नाहीये. माझंच उदाहरण सांगते, मे 2023 मध्ये पास झाले, सत्तावीस ठिकाणी अर्ज केले आणि मुलाखतीला बोलावणं आलं दोन ठिकाणचं. बाकीच्यांची तीच मेल, आमच्याकडे काम करण्यात रस दाखवल्याबद्दल आभार, आम्ही दुसऱ्या उमेदवारांसोबत पुढे जातोय. एक तर रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी आली. त्या वेळी कोण बसतं हो नकार पाठवायला, मशीनच असणार.

थोडं मागचं. मी बीकॉम, पुण्यात एका बँकेत चार वर्षं काउंटरवर होते. लग्नानंतर 2016 मध्ये इकडे आले, नवऱ्याच्या एचवन-बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला बायकोचा एचफोर व्हिसा, म्हणजे शिकायला परवानगी पण कामाला नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डची आय-140 ची पायरी, म्हणजे कंपनीने त्याच्यासाठी केलेला अर्ज मंजूर होणं, पार पडली की बायकोला कामाचं कार्ड मिळतं, ते मला 2019 मध्ये मिळालं. तोवर मुलगी चार वर्षांची झाली होती आणि मी ठरवलं की आता नर्सिंग. कम्युनिटी कॉलेजात आधी अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, स्टॅटिस्टिक्स असे विषय काढले आणि मग दोन वर्षांची असोसिएट डिग्री केली. आमच्या क्लासमध्ये पस्तिशीच्या पुढच्या आम्ही निम्म्या होतो, लाज वाटायचा प्रश्नच नव्हता.

पास होऊन नोकरी मिळायच्या मध्ये जी गोष्ट येते तिचा तुमच्या लेखात उल्लेखच नव्हता, ती म्हणजे नर्स रेसिडेन्सी. आपल्याकडे रेसिडेन्सी म्हटलं की एमडी-एमएस करणारे, डोळे तारवटलेले डॉक्टर आठवतात. ही वेगळी. नव्या नर्सला नोकरी द्यायची, पूर्ण पगार द्यायचा, पण पहिलं वर्ष तिला शिकाऊ समजायचं, सोबत एक अनुभवी नर्स द्यायची, तिला प्रिसेप्टर म्हणतात, आणि महिन्यातून एकदा सगळ्या नव्या मुलींना वॉर्डातून बाहेर काढून वर्गात बसवायचं. हे फॅड म्हणून आलेलं नाही. कॉलेजातून थेट वॉर्डात पडलेली नर्स वर्षभरात हबकते आणि नोकरी सोडून जाते हे इथल्या लोकांनी फार पूर्वी ओळखलं, मार्लीन क्रेमर या नर्सिंगच्या अभ्यासक बाई 1974 मध्येच त्यावर लिहून गेल्यात. 2002 मध्ये विद्यापीठांशी जोडलेल्या हॉस्पिटलांची संघटना, जिला आता व्हिझियंट म्हणतात, आणि नर्सिंग कॉलेजांची संघटना यांनी मिळून वर्षभराचा कार्यक्रम सुरू केला. 2010 च्या एका मोठ्या राष्ट्रीय अहवालात तर नव्या नर्ससाठी रेसिडेन्सी असावी अशी सरळ शिफारसच आहे. त्यानंतर बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांनी नव्यांसाठी हाच एक दरवाजा ठेवला.

आणि घोडं नेमकं इथेच पेंड खातं. कारण एका नव्या मुलीला तयार करायचं म्हणजे बारा-बारा आठवडे, आयसीयूत त्याहून जास्त, एकाच पेशंटच्या गटावर दोन पगार चालू. त्यामुळे हॉस्पिटलं मोजूनच जागा काढतात. वर्षातून दोन-तीन बॅच. कॉलेजं मात्र सगळ्यांना मे आणि डिसेंबरमध्येच बाहेर काढतात, म्हणजे एसटी एक आणि स्टँडवर अख्खी जत्रा. अर्जाची खिडकी उघडते पास व्हायच्या चार-पाच महिने आधी आणि कुठे कुठे आठवड्याभरात बंद. माझी पहिली चूक इथेच झाली. मला वाटलं आधी पास होऊ, लायसन्स घेऊ, मग अर्ज करू, आपल्याकडे रिझल्ट लागल्याशिवाय कोण अर्ज करतं. उन्हाळ्याच्या बॅचचे अर्ज फेब्रुवारीत घेऊन झाले होते आणि मी फेब्रुवारीत काय करत होते तर बालरोगाच्या परीक्षेसाठी लसीकरणाचं वेळापत्रक पाठ करत होते. जे सत्तावीस अर्ज म्हणतेय त्यातले निम्मे मी बंद झालेल्या किंवा बंद व्हायला आलेल्या खिडक्यांवर केलेले.

दुसरा अडसर डिग्रीचा. चार वर्षांची बीएस्सी असेल तर उत्तम, माझ्यासारखी दोन वर्षांची असेल तर पुढच्या डिग्रीला नाव घातल्याचा पुरावा दाखवा असं कित्येक ठिकाणी लिहिलेलं असतं. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात तर 2017 मध्ये कायदाच झाला की लायसन्स मिळाल्यापासून दहा वर्षांत बीएस्सी करा. मी मुकाट्याने ऑनलाइन नाव घातलं. तिसरा अडसर सगळ्यात गमतीचा, नवखेपणाची एक्सपायरी डेट. बहुतेक कार्यक्रमांना पास होऊन बारा महिन्यांच्या आतलीच नर्स लागते. बरं, तोवर घरी बसवत नाही म्हणून एखाद्या नर्सिंग होममध्ये लागलात तर काही जागी म्हणतात तुम्हाला आता अनुभव आहे, तुम्ही नवख्या नाही, आणि अनुभवींच्या जागेला अर्ज केला तर म्हणतात हा अनुभव हॉस्पिटलचा नाही. आमच्या बॅचची एक मुलगी या दोन दगडांच्या मध्ये सात महिने अडकली होती.

परीक्षेबद्दल थोडंच सांगते कारण त्यावर लेखात बरंच होतं. एनक्लेक्स-आरएन, म्हणजे नर्सच्या लायसन्ससाठीची इथली परीक्षा. 1 एप्रिल 2023 पासून नवीन पद्धत आली, कमीत कमी 85 प्रश्न आणि जास्तीत जास्त 150, पाच तास. उत्तरं बघून कॉम्प्युटर पुढचा प्रश्न ठरवतो आणि त्याला खात्री झाली की मध्येच स्क्रीन बंद. माझी 85 ला बंद झाली. पार्किंगमध्ये गाडीत बसून मी डबा उघडला आणि तसाच मिटला, पोळी घशाखाली उतरेना. पास होते. पण पास झाल्याने दरवाजा उघडत नाही, दरवाजावर थाप मारायची परवानगी मिळते एवढंच.

आता अर्जाचं. माझं पहिलं कव्हर लेटर मी आजही ठेवलंय, हसायला. बँकेत रजेचा अर्ज लिहायची सवय, त्यामुळे वरील विषयास अनुसरून, सविनय सादर, या थाटाचं इंग्रजी. त्यात मी किती कष्टाळू आणि प्रामाणिक आहे हे तीन वेळा लिहिलेलं आणि क्लिनिकलला, म्हणजे शिकताना हॉस्पिटलात करायच्या प्रत्यक्ष कामात, मी नेमकं काय केलं हे एकदाही नाही. कॉलेजातल्या बाईंनी वाचलं आणि लाल पेनाने समासात एकच प्रश्न लिहिला, पेशंट कुठे आहे? मग मी सगळं फाडून एका आजोबांबद्दल लिहिलं. स्ट्रोकनंतर त्यांना गिळता येत नव्हतं, घरचे प्रेमाने साधं पाणी पाजायला बघायचे आणि मी दर शिफ्टला त्यांच्या सुनेसोबत बसून पाणी घट्ट करायची पावडर किती आणि कशी घालायची ते दाखवायचे. एवढंच. त्या पत्रावर पहिलं बोलावणं आलं.

पहिली मुलाखत माणसासमोर नव्हतीच, कॅमेऱ्यासमोर होती. लिंक येते, प्रश्न स्क्रीनवर दिसतो, विचार करायला अर्धा मिनिट आणि बोलायला दोन मिनिटं, समोर आपलाच चेहरा. घरात शांत जागा एकच, कपड्यांचं कपाट. वर ब्लेझर खाली पायजमा अशी मी हँगरांच्या मध्ये खुर्ची टाकून बसले आणि तिसऱ्या प्रश्नाला कुकरची शिट्टी झाली. नवऱ्याला सगळं सांगितलं होतं, कुकरचं सांगायचं राहिलं होतं. मी थांबले, हसले, आणि म्हणाले की सॉरी, आमच्या घरचा मॉनिटर वाजला. तिथे निवड झाली नाही ही गोष्ट वेगळी.

दुसरी खरीखुरी होती, समोर तिघीजणी. यात एक गोष्ट आपल्या लोकांनी नीट समजून घ्यायला हवी असं मला वाटतं. हे लोक तुम्ही काय कराल हे विचारत नाहीत, तुम्ही काय केलंत ते विचारतात. एखादा प्रसंग सांगा जेव्हा तुमची चूक झाली. आता आपल्याला लहानपणापासून काय शिकवलंय, चूक झाकायची, आणि स्वतःची टिमकी वाजवायची नाही. या दोन्ही सवयी तिथे आड येतात. मी सारखी आम्ही आम्ही म्हणत होते, आम्ही पेशंटला उठवलं, आम्ही ड्रेसिंग केलं, तेव्हा त्यातल्या मॅनेजरबाईंनी शांतपणे विचारलं, आम्ही म्हणजे कोण, यात तू काय केलंस? मग मी चुकीचं खरं ते सांगितलं. शेवटच्या सेमिस्टरला एका आजीबाईंना बाथरूमला नेऊन परत झोपवलं आणि बेडचा अलार्म लावायला विसरले. त्या परत उठायला गेल्या, शेजारच्या पेशंटच्या मुलाने बघितलं म्हणून धरलं, नाहीतर पडल्याच असत्या. मी तेव्हाच जाऊन सिस्टरला सांगितलं, फॉर्म भरला, आणि तेव्हापासून खोलीतून निघताना दारात थांबून बेड खाली, अलार्म चालू, बेल हाताशी असं बोटावर मोजते. अजूनही मोजते. हे सांगताना माझा आवाज कापत होता आणि मला वाटलं झालं, हात दाखवून अवलक्षण. पण तिघीही लिहून घेत होत्या.

तिथे लागले. फेब्रुवारी 2024 ची बॅच, माझी बारा महिन्यांची मुदत संपायला तीन महिने होते. आणि का लागले हेही सांगायला पाहिजे, नाहीतर खोटेपणा होईल. त्याच हॉस्पिटलात मी शिकत असताना शनिवार-रविवार टेक्निशियन म्हणून काम करायचे, बीपी घ्या, साखर तपासा, आंघोळ घाला, बेडपॅन द्या, बारा तासांची ड्युटी, ताशी अठरा डॉलर. त्या मजल्याची मॅनेजर मला ओळखत होती. आपल्याकडे याला वशिला म्हणतात, इथे याला इंटर्नल कँडिडेट म्हणतात आणि फॉर्ममध्ये त्यासाठी वेगळा रकाना असतो. बेडपॅन देऊन कमावलेला वशिला आहे, त्यामुळे मला त्याची काही लाज नाही. सासूबाईंना मात्र ते काम दोन वर्षं कुणाला सांगता आलं नाही.

बाकी मुलींना आयसीयू पाहिजे असायचं, नाहीतर लेबर रूम, नाहीतर लहान मुलं. मी अर्जात मेड-सर्ज, म्हणजे मेडिसिन आणि सर्जरीच्या पेशंटचा साधा वॉर्ड, लिहिलं आणि नाईट चालेल लिहिलं. जागा तिथेच जास्त असतात आणि तिथे सगळं बघायला मिळतं. माझी प्रिसेप्टर पंचवीस वर्षं नर्स असलेली फिलिपिनो बाई, बोलायला अगदी कमी. आमच्याकडे एका नर्सला पाच-सहा पेशंट. पहिल्या आठवड्यात तिने मला एकच दिला, मग दोन, सहाव्या आठवड्याला तीन. पहाटे तीन वाजता डॉक्टरला फोन करायची पहिली वेळ मला आठवतेय, पेशंटची लघवी कमी झाली होती आणि बीपी उतरत होतं. मी सगळं कागदावर लिहून घेतलं, काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. ही शेजारी उभी राहिली आणि मी बोलत असताना त्या कागदावर ओळीओळीवर बोट फिरवत राहिली, पहिलीतल्या पोराला वाचायला शिकवतात तसं. डॉक्टर झोपेतला, वैतागलेला. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, तो ओरडला तर पेशंट मरत नाही, तू फोन केला नाहीस तर मरू शकतो. आणि चहा आणायला गेली.

सगळं गोडच आहे असंही नाही. माझ्या एका मैत्रिणीने सही करताना कागद वाचले नाहीत, दोन वर्षांच्या आत सोडलं तर ट्रेनिंगचे पैसे परत करायचे असं त्यात होतं, दहाव्या महिन्यात नवऱ्याची बदली झाली आणि रक्कम भरावी लागली. बॉण्ड काही फक्त आपल्याकडेच नसतो. महिन्याच्या त्या वर्गांमध्ये तर अर्धा वेळ पॉवरपॉइंट आणि पिझ्झा, नाईट करून आलेल्या मुली डोळे उघडे ठेवून झोपायच्या. पण बाकी अर्ध्या वेळेत कुणीतरी रडायचं, कुणीतरी मला पण तसंच होतं म्हणायचं, आणि ते पुरायचं. आमच्या बॅचला अठरा जणी होतो, वर्षाच्या शेवटी सोळा होतो.

आता काकांच्या मुलीचं. भारतात शिकलेल्या मुलीसाठी ही रेसिडेन्सी जवळजवळ नसल्यातच जमा आहे, कारण जाहिरातीत बहुतेक ठिकाणी स्वच्छ लिहिलेलं असतं की व्हिसासाठी स्पॉन्सर करणार नाही. माझ्याकडे कामाचं कार्ड होतं तरी त्यावरचा सी-26 हा एचफोरवाल्यांच्या कार्डाचा कोड म्हणजे काय हे एका रिक्रूटरला मला दोनदा समजवावं लागलं. नर्सच्या साध्या नोकरीला एचवन-बी सहसा मिळत नाही. येतात त्या ग्रीन कार्डच्या ईबी-3 या नोकरीवर आधारित वाटेने, त्याला एनक्लेक्स, इंग्रजीची परीक्षा, व्हिसास्क्रीन म्हणजे शिक्षण-लायसन्स तपासल्याचं प्रमाणपत्र हे सगळं लागतं आणि भारताची रांग वर्षानुवर्षांची आहे. एनक्लेक्स मुंबईत देता येते हे लेखात होतं, बरोबर आहे. पण पास झाल्यावर बोलावणारे अनुभवच विचारतात, एक-दोन वर्षं वॉर्डात काढलेली मुलगी हवी असते. म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मुलीने आत्ताच एजंटला पैसे देण्यात काही अर्थ नाही. तिने आधी तिकडेच एखाद्या बऱ्या हॉस्पिटलात दोन वर्षं काढावीत. कॉलेजकडून विषयवार थिअरी आणि क्लिनिकलचे तास लिहिलेला ट्रान्स्क्रिप्ट आत्ताच मागून ठेवावा, नंतर क्लार्क बदलतो आणि रजिस्टर सापडत नाही.

आणि इथेच माझी खरी तक्रार आहे, लेखाबद्दल नाही, आपल्याबद्दल. माझ्या मामेबहिणीची मुलगी गेल्या वर्षी जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून एका खासगी हॉस्पिटलात लागली, नाव लिहीत नाही. अर्जाचं म्हणाल तर बायोडेटा, दोन फोटो आणि पंधरा मिनिटांचा इंटरव्ह्यू, कधी येणार एवढाच प्रश्न. मी कित्येक महिने धडपडले आणि तिला दीड दिवसात नोकरी, म्हणून मी सुरुवातीला तिच्यावर जळले सुद्धा. मग तिने सांगितलं, ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेतलीत, चौथ्या दिवशी नाईट लावली, वॉर्डात तीस पेशंट, एक ती आणि एक मावशी. इन्चार्ज सिस्टर फोनवर. पहिल्याच नाईटला एका पेशंटला दम लागला तर ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी कुठे असते हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं. मावशींना माहीत होतं म्हणून निभावलं.

मला माहितीये, लगेच म्हणतील की अमेरिकेत पैसा आहे, आपल्याला कुठलं परवडतं. एक वर्षाची रेसिडेन्सी नका देऊ हो. पिझ्झा तर अजिबातच नको. पण पहिल्या सहा आठवड्यांत एकटीला नाईट लावायची नाही आणि एका अनुभवी सिस्टरचं नाव तिच्या ड्युटीच्या तक्त्यात तिच्यापुढे लिहायचं, एवढ्याला किती खर्च येतो? त्या सिस्टरला त्या महिन्यात चार पेशंट कमी द्यावे लागतील, बस. मुली तिकडून पळतात त्या फक्त डॉलरसाठी पळतात असं इथे बसून मला वाटत नाही. पुढच्या पुरवणीत नर्सच्या पगारावर परत लेख येणार असेल तर एकदा तुमच्याच शहरातल्या चार हॉस्पिटलांना फोन करून विचारा की नवी मुलगी लागल्यावर कितव्या दिवशी एकटी नाईट करते. आणि उत्तर आलं तर छापा.

सांगलीच्या काकांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, म्हणजे तू चिकटवणार नाहीस. मी म्हटलं, काका, तिला फोन द्या. ती पोरगी हुशार आहे, पगाराचं काहीच विचारलं नाही, पहिला प्रश्न हा की इंजेक्शन देताना तुमचा हात थरथरायचा का. आम्ही पाऊण तास बोललो.

कळावे,
आपली एक जुनी वाचक
एडिसन, न्यू जर्सी (मूळ गाव कराड)